वाचकांचे प्रश्न : घाव सोसलेल्या मुलांच्या कादंबऱ्या

लहानपणी बसलेल्या मानसिक आघातातून सावरणाऱ्या मुलांवरच्या कुमार कादंबऱ्यांविषयी प्रश्न मागवले होते. लिहिणाऱ्यांची पत्रं जास्त आली, वाचायला देणाऱ्यांची थोडी आणि वाचणाऱ्या वयातल्या मुलीचं एकच. कुमारसाहित्याच्या एक संपादक आणि मुलांसोबत काम करणाऱ्या एक समुपदेशक यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका चौदा वर्षांची आहे. नवव्या वर्षी नात्यातल्या माणसाकडून झालेला अत्याचार हा कथेचा गाभा. २१० पानांच्या हस्तलिखितात तो प्रसंग सविस्तर आला आहे. वाचून झाल्यावर एका स्नेह्यांनी 'फार अंगावर येतं' म्हणून परत दिलं. अशा प्रसंगाचं किती वर्णन करावं? — सांगली

आधी एक काम करा. पेन्सिल घेऊन प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तीनपैकी एक खूण करा: घ म्हणजे घटना, ल म्हणजे लपवणं, स म्हणजे सावरणं. बहुतेक हस्तलिखितांत 'स' शेवटच्या पंधरा-वीस पानांत एकदम उगवतो. तुमचंही तसं असेल तर अडचण वर्णनाच्या धारेत कमी आणि वाटणीत जास्त आहे. सावरणं हाच या कादंबऱ्यांचा विषय असतो. त्याला दोनतृतीयांश पानं मिळायला हवीत.

घटनेचे सगळे उल्लेख मिळून दहाव्या हिश्शापेक्षा कमी ठेवा, म्हणजे तुमच्या हिशेबात फार तर वीस पानं. त्यात सलग वर्णन दोन पानांपुढे जाऊ देऊ नका. यात सभ्यतेचा मुद्दा दुय्यम आहे. ज्या मुलीने हे भोगलंय ती सविस्तर वर्णन वाचताना घामाघूम होते, पुस्तक मिटते आणि जिथे मदत मिळते त्या पानापर्यंत पोचतच नाही. शिवाय लेखनाच्या अंगानेही घाटा होतो. सुरुवातीलाच एवढा दणका दिला की पुढचं सगळं फिकं वाटायला लागतं, मग लेखक शेवटी कोर्ट नाहीतर कुणाचा तरी मृत्यू आणून बरोबरी साधू पाहतो.

काय ठेवायचं? घटनेच्या आधीचं, नंतरचं आणि त्या वेळी मुलाची नजर जिथे पळून गेली ते. नऊ वर्षांचं मूल समोरचं बघत नाही, ते भिंतीकडे बघतं. उदाहरणादाखल:

'काकांनी दाराला आतून कडी घातली. भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर होतं. मार्च. सत्तावीस तारखेभोवती आईने निळ्या पेनने गोल केला होता, गॅसचा नंबर लावल्याचा. गोल नीट मिटला नव्हता. मी त्या फटीतून बाहेर कसं पडता येईल ते बघत राहिले. नंतर बाहेर कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि आई म्हणाली, हात धुऊन या.'

कोणत्याही जाणत्या वाचकाला काय झालं ते कळतं आणि सगळा प्रसंग एका 'नंतर'मध्ये बसतो. दुसरा फायदा असा की कॅलेंडर पुढे कामाला येतं. ही मुलगी भिंतीवर कॅलेंडर टिकू देत नाही, कारण कुणाला माहीत नाही, आई वैतागते. दीडशे पानांनंतर ती स्वतःच एखाद्या तारखेला गोल करते, पोहण्याच्या क्लासच्या म्हणा. तेवढं पुरतं. फक्त कॅलेंडर तीनदापेक्षा जास्त आणू नका. चौथ्यांदा ते प्रतीक होऊन मिरवायला लागतं.

प्रश्न : शेवटी नायक शाळेच्या गॅदरिंगमध्ये माइकसमोर सगळं सांगून टाकतो आणि मोकळा होतो. हे पटेल का? सावरायला किती काळ लागलेला दाखवावा? — नाशिक

पटणार नाही. आणि एखाद्या मुलाला पटलंच तर पंचाईत आहे. गॅदरिंगमध्ये सांगितलेली गोष्ट रात्रीपर्यंत गावभर होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसायचं असतं. एका माणसाला सांगणं हा याहून मोठा प्रसंग आहे, कारण तो चुकू शकतो. पहिला माणूस बहुधा नीट ऐकत नाही. 'जाऊ दे, कुणाला बोलू नकोस' म्हणतो, किंवा 'तू तेव्हा ओरडला का नाहीस?' विचारतो. त्यानंतर मूल सहा महिने गप्प बसतं. हे सहा महिने लिहा. दुसऱ्या माणसाला सांगताना तेच मूल आधी चाचपणी करतं: 'माझ्या एका मित्राचं असं झालं...' अशी सुरुवात करतं. समोरची व्यक्ती तो मित्र कोण हे ओळखूनही ओळख दाखवत नाही, इथे प्रसंग रंगतो.

काळासाठी शाळेचं वर्ष उत्तम माप आहे. लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'स्पीक' ही १९९९ सालची अमेरिकी कादंबरी शाळेच्या चार गुणपत्रिकांनुसार चार भागांत विभागलेली आहे आणि बोलणं बंद झालेल्या मुलीचं अख्खं नववीचं वर्ष त्यात येतं. आपल्याकडे जून, घटक चाचणी, सहामाही, दिवाळीची सुट्टी, गॅदरिंग, वार्षिक परीक्षा असे टप्पे आयतेच आहेत.

एक मोठा कागद घ्या. आडवे महिने लिहा, उभ्या चार ओळी: झोप, अंग, शाळा, माणसं. प्रत्येक महिन्यात प्रत्येक ओळीत काय चाललंय ते चार शब्दांत लिहा. जूनमध्ये तो दिवा लावून झोपतो आणि तीनला दचकून उठतो. ऑगस्टमध्ये झोप थोडी बरी, पण पोट दुखतं म्हणून शाळा बुडते. सहामाहीत गणिताचे मार्क सुधारतात, पण मित्राने मागून खांद्यावर हात ठेवला म्हणून मारामारी होते. एकाच महिन्यात दोन ओळी सुधारू द्यायच्या नाहीत, हा आमच्याकडचा साधा नियम. आणि एकदा तरी घसरण हवी: कुणाच्या लग्नात अत्याचार करणारा माणूस समोर येतो, नाहीतर परीक्षेच्या ताणाने जुनं डोकं वर काढतं. घसरण मात्र शून्यावर आणू नका. जूनमध्ये जे येत नव्हतं त्यातलं काहीतरी त्याला आता करता यावं. नुसतं आईला हाक मारून उठवणं का असेना.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परतणं. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत हेही त्यांनीच बजावलं आहे. आमच्याकडची हस्तलिखितं दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतात. तो माणूस अजून दर दिवाळीला घरी जेवायला येत असेल, तर कितीही बोलून मूल सावरणार नाही. आधी त्या माणसाचं ताट बंद व्हायला हवं. ते कोण बंद करतं आणि घरात त्यावरून काय रामायण होतं, यावर सहज तीन प्रकरणं होतील.

प्रश्न : समुपदेशकाकडचे प्रसंग प्रवचनासारखे होतात. तिथे प्रत्यक्षात काय चालतं? — पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर

प्रवचन होतं, कारण लेखकाला वाटतं समुपदेशक शहाणी वाक्यं बोलतात. त्या विचारतात जास्त. आणि पहिल्या भेटीत 'काय झालं ते सांग' असं तर मुळीच म्हणत नाहीत.

मुलांसाठी सर्वाधिक अभ्यासली गेलेली एक पद्धत म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, टीएफ-सीबीटी, म्हणजे आघाताभोवतीचे विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर या तिघांनी ती घडवली. वय ३ ते १८, साधारण १२ ते १६ भेटी, बहुधा आठवड्याला एक. सुरुवातीच्या भेटींत झोप, भूक, घरात कोण कोण, काय आवडतं हे विचारलं जातं. भीती वाटल्यावर अंग असं का वागतं ते समजावलं जातं. श्वास, स्नायू आवळून सैल सोडणं, भावनेला नाव आणि ० ते १० मध्ये आकडा देणं, हे शिकवलं जातं. मधल्या भेटींत मूल आपली गोष्ट लिहितं किंवा सांगतं आणि समुपदेशक लिहून घेतात. तीही प्रकरणं पाडून: पहिलं 'मी कोण', मग त्या दिवसाआधीचं, मग तो दिवस, आणि सर्वांत नको वाटणारा भाग शेवटी. तेच पुन्हा पुन्हा वाचलं जातं. पहिल्या वाचनाला नऊ असलेला आकडा काही आठवड्यांनी चारवर येतो.

समांतरपणे आई किंवा वडील वेगळे भेटत असतात. शेवटाकडे मूल आपलं लिखाण त्यांच्यासमोर वाचतं. आईला हे आधी एकटीला ऐकवलेलं असतं, तिचं रडणं तिथे होऊन जातं, म्हणजे मुलीला पुन्हा आईलाच सावरत बसावं लागत नाही. कादंबरीचा परमोच्च बिंदू शोधत असाल तर तो या खोलीत आहे: आईने आधी ऐकलेलं असूनही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं.

एक देवघेव जवळून बघा. मुलगी म्हणते, 'दार मीच उघडलं होतं.' कच्चं हस्तलिखित लगेच 'यात तुझी काहीच चूक नाही बाळा' म्हणून मोकळं होतं. मुरलेली समुपदेशक विचारते, 'तुझी ती मामेबहीण, रिया, किती वर्षांची?' 'आठ.' 'तिने दार उघडलं असतं तर?' मुलगी बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, 'तिला कडीपर्यंत हात पण पोचत नाही.' इथे प्रसंग थांबवा. वर एक वाक्यही नको.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो. संमोहनाने पुसलेली आठवण परत आणणं. दर भेटीअखेर 'तू किती धाडसी आहेस'. समुपदेशकाने मिठी मारणं. आणि सर्वांत गंभीर म्हणजे 'तू सांगितलेलं मी कुणालाही सांगणार नाही' हे वचन. अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबाबत असं वचन कायद्याने देताच येत नाही. नीट समुपदेशक पहिल्याच भेटीत सांगतात, काय गुपित राहील आणि काय राहू शकणार नाही.

कथा तालुक्याच्या गावात घडत असेल आणि तिथे समुपदेशक नसेल, तर खोटी खोली उभी करू नका. वर्गशिक्षिका, आत्या, वसतिगृहाच्या गृहपाल यांपैकी कुणीतरी ऐकणारं असू द्या. त्यांनी उपचार करायचे नाहीत, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापर्यंत सोबत जायचं. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, शाळेत काय कारण सांगायचं हा प्रश्न उभा राहतो. हा सगळा ऐवजच आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ क्रमांक वापरणार असाल तर साल बघा: ती सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. २०१५ मधल्या नायकाला तो फिरवता येणार नाही.

प्रश्न : आठवण अचानक अंगावर येणं मराठीत कसं लिहावं? तिरक्या अक्षरांत छापावं का? — कोल्हापूर

तिरकी अक्षरं टाळा. वाचक सावध होतो, मुलगी मात्र सावध नसते.

आपल्याकडे गोष्ट भूतकाळात चालते: सर आले, बेल झाली. अशी आठवण 'झालं होतं' म्हणून येत नाही, ती आत्ता होत असल्यासारखी येते. तेव्हा त्या दोन-तीन वाक्यांपुरतं वर्तमानात जा आणि 'तिला आठवलं' हे शब्द गाळा. वरच्या कॅलेंडरवाल्या मुलीचंच उदाहरण घ्या, आता ती वर्गात आहे:

'सर फळ्यावर त्रिकोण काढत होते. मागच्या बाकावर कुणीतरी कंपासपेटी बंद केली. खट्. कडी बसते. मार्च. निळा गोल. हात धुऊन या. "चव्हाण, कोन बीएसी किती?" फळ्यावर आता तीन त्रिकोण होते.'

मधली मिनिटं कुठे गेली हे मुलीला माहीत नाही, ते तीन त्रिकोणांवरून कळतं. पुढचा भाग लेखक विसरतात: हात गार पडलेले असतात, घसा कोरडा, प्रमेय निसटलेलं. चाचणीत नेमका तोच प्रश्न येतो. पालकसभेत सर सांगतात, 'हुशार आहे, पण लक्ष नसतं.' वरून किरकोळ दिसणारं हे वाक्य घरात किती महाग पडतं ते दाखवा.

चाळवणारी गोष्ट घटनेशी तर्काने जोडलेली असायलाच हवी असं नाही. त्या वेळी आसपास जे होतं ते पुरतं: डासांच्या उदबत्तीचा वास, कुकरची शिट्टी, अमुक एक केसांचं तेल. अख्ख्या कादंबरीत पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी आखूड. पहिल्यांदा दहा ओळी, शेवटच्या खेपेला अर्धं वाक्य.

दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक अशी मोजदाद करून मन आत्ताच्या क्षणात आणण्याची युक्ती हल्ली प्रत्येक हस्तलिखितात असते. हरकत नाही. पण पहिल्याच वापरात ती चालू देऊ नका. ऐकू येणाऱ्या तीन गोष्टींतली तिसरी पुन्हा कंपासपेटीच निघते आणि मोजणी फसते. पुढच्या वेळी ती कान सोडून पायांपासून सुरुवात करते. तिने युक्ती स्वतःपुरती बदलून घेतली, एवढं वाचकाला दिसलं की झालं.

प्रश्न : एका मुलावरच्या प्रेमामुळे नायिका सावरते, असं चालेल? — अमरावती

मुलगा गोड असू द्या, तिला हसवू द्या, त्याच्यावाचून तिचं अडू देऊ नका. मे महिन्यात त्याच्या वडिलांची बदली झाली तर तिची झोप टिकेल का, हे स्वतःला विचारून बघा.

प्रश्न : अत्याचारी माणूस घरचाच दाखवणं अतिरंजित वाटेल का? आणि पोलीस, कोर्ट आणलंच पाहिजे का? — लातूर, मुंबई

अतिरंजित मुळीच नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालासाठी १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यात अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. अनोळखी माणूस आणि अंधारी गल्ली हाच खरं तर घासून गुळगुळीत झालेला मार्ग.

कोर्ट आणायचं बंधन नाही. पण कथेतल्या मोठ्या माणसांना कायदा माहीत आहे की नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याआधीची कथा असेल तर तो नव्हता. १८ वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, संरक्षण दोघांनाही आहे. मुलग्यांवरच्या कथा आमच्याकडे जवळपास येतच नाहीत, हेही इथे सांगून ठेवतो. कलम १९ नुसार ज्याला कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. न कळवल्यास कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न सांगितल्याबद्दल मुलाला मात्र शिक्षा नाही. तेव्हा 'आपण घरातच मिटवू' म्हणणारे आजोबा आणि 'शाळेची बदनामी होईल' म्हणणारे मुख्याध्यापक कायद्याच्या कुठे उभे आहेत ते तुम्हाला नेमकं ठाऊक हवं, मग त्यांच्या तोंडी वाक्यं वेगळी येतील.

जबाबाचा प्रसंग लिहिणार असाल तर टीव्ही मालिकेतलं पोलीस ठाणं विसरा. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या हुद्द्याच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीसमोर. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांना सांगतात आणि न्यायाधीश विचारतात. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय असते. मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतो. म्हणूनच निकालावर सावरणं टांगून ठेवू नका. खटला चालू असतानाच मुलगी दहावी पास होऊ शकते.

हेही जपून लिहा: नियमात आहे तसंच प्रत्येक ठिकाणी घडतं असं नाही. एखादा अधिकारी गणवेशात येऊन बसतो. तो चुकतोय हे वाचकाला कळेल, अशी एक ओळ कुणाच्या तरी तोंडी हवी.

प्रश्न : आघात म्हटलं की सगळे लैंगिक अत्याचारावरच लिहितात. मला किल्लारीच्या भूकंपातल्या चौदा वर्षांच्या मुलावर लिहायचं आहे. — उमरगा

जरूर लिहा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे राहिलेली मुलं, बापाने जीव दिलेल्या घरातली मुलं, माळीण आणि इरशाळवाडीतली मुलं, सगळीच वाट बघतायत.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला झाला. गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. तुमच्या नायकाचं अंग इंग्रजी तारीख पाळणार नाही, तिथी पाळेल. दर वर्षी अनंत चतुर्दशी वेगळ्या तारखेला येते, आणि ढोल-लेझीम ऐकू आली की त्याची झोप उडते. मामाच्या गावची मुलं गुलालात नाचत असताना हा दारात खाट टाकून जागा. ३० सप्टेंबरला जिल्हा श्रद्धांजली वाहतो तेव्हा त्याला काहीच होत नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटते. एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील.

जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड धाबं, यांनीच माणसं गाडली. म्हणून पुढे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहूनही लोक उघड्यावर झोपत. सावरणं इथे घराच्या भाषेत लिहिता येईल: अंगण, मग ओसरी, मग दाराशी खाट, मग आत, पण डोकं दाराकडे. नव्या वसाहतीत घरं सरळ ओळीत आली आणि शेजार बदलला. पडक्या गावात पलीकडच्या भिंतीतून ऐकू येणारा खोकला आता कुणाचाच नाही. अनाथ झालेल्या मुलांचं काय झालं याचे धागेही आहेत: भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणलं होतं. त्या वाटेने गेलात तर भूकंपापेक्षा वसतिगृहातली पहिली रात्र जास्त सांगून जाईल: पक्कं स्लॅबचं घर, वर दुसरा मजला.

मुलं संकटानंतर शकुन शोधतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेच्या बसमधली २६ मुलं पळवून नेऊन जमिनीखाली डांबली होती, ती सुटली. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी त्या मुलांचा पुढे काही वर्षं अभ्यास केला. अनेकांना वाटत होतं की आधी काही खूण मिळाली होती, ती आपण ओळखायला हवी होती. तुमच्या नायकाला आठवेल, त्या रात्री कुत्रं भुंकलं होतं, बैलाने दावं ओढलं होतं आणि आपणच त्याला दटावलं होतं. 'मी दटावलं नसतं तर' हा त्याचा खरा घाव. भूकंपावर लिहिणारे ढिगाऱ्यावर थांबतात, त्या बैलापाशी कुणी जात नाही.

एक व्यावहारिक बाब. तो मुलगा आज चाळिशीच्या पुढे आहे. कुमार वाचकासाठी लिहायचं तर कथा १९९३ ते ९५ मध्येच ठेवा. आजचा प्रौढ मागे वळून सांगतोय, अशी मांडणी केली की पुस्तक प्रौढांचं होतं.

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयात अशी पुस्तकं ठेवावीत का? कुणाला द्यावीत? — एक ग्रंथपाल, चिपळूण

ठेवावीत, इतर कादंबऱ्यांमध्येच. वेगळं कपाट केलं की तिथे कोण उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. 'हे तुझ्यासाठी आहे' म्हणून एखाद्या ठराविक मुलीच्या हातात द्यायचं नाही; आपल्याविषयी बाईंना कळलंय असं तिला वाटेल. चार पुस्तकं टेबलावर ठेवा, त्यात हे एक.

आतल्या पानावर दोन ओळींची सूचना चिकटवता येईल: 'या गोष्टीत एका मुलावर झालेल्या अत्याचाराचा उल्लेख आहे. पान ३१ ते ३३ गाळून वाचलं तरी गोष्ट कळते.' पानांचे आकडे दिल्याने वाचणाऱ्याच्या हातात लगाम राहतो. नुसतं 'संवेदनशील विषय' लिहिलं तर कुतूहल वाढतं, मदत होत नाही. आत्महत्येचा किंवा स्वतःला इजा करण्याचा मार्ग तपशिलाने सांगणारं पुस्तक मात्र घेऊच नका.

आणि पुस्तक परत करताना एखादं मूल रेंगाळलं, तर 'कसं वाटलं?' एवढंच विचारून हातातलं काम चालू ठेवा. डोळ्यांत बघून विचारलं की मुलं 'छान' म्हणून पळतात.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. माझ्याच बाबतीत झालेलं मला कादंबरी म्हणून लिहायचं आहे. घरच्यांनी ओळखलं तर? — गाव लिहिलेलं नाही

आधी कादंबरीच्या बाहेरचं. हे अजूनही चालू असेल किंवा तो माणूस तुझ्या आसपास असेल, तर लिखाण थांबू शकतं, सांगणं थांबवू नकोस. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. मन फार खाली गेलं तर १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. एवढे दिवस सांगितलं नाहीस म्हणून तुला कुणीही दोषी धरू शकत नाही.

आता लिखाण. दोन वह्या कर. पहिलीत जसं झालं तसं, कुणालाही न दाखवण्यासाठी. एका वेळी वीस मिनिटं, घड्याळ लावून, आणि रात्री झोपण्याआधी नको. लिहून झाल्यावर काय करायचं ते आधीच ठरव: आंघोळ, फेरी, मैत्रिणीला फोन. सलग दोन-तीन दिवस झोप बिघडली तर वही बंद, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोल.

दुसरी वही कादंबरीची. तिच्यात नुसती नावं बदलून भागत नाही, लोक तपशिलावरून ओळखतात. नातं बदल, गाव बदल, मुलीचं वय बदल, घरातल्या भावंडांची संख्या बदल. 'मी'ऐवजी 'ती' लिहून बघ. बऱ्याच जणींना त्याने श्वास मिळतो. जे तू बदलू शकत नाहीस, त्याला हात लावण्यापुरता वेळ अजून गेलेला नसेल, तो भाग सध्या राहू दे. छापायची घाई नको: अठरा पूर्ण होईपर्यंत प्रकाशनाचा करार तुला स्वतः करता येत नाही, पालकांची सही लागते आणि मग हस्तलिखित त्यांच्या हाती जातं. वर्षभर थांबलीस तर कुणाला दाखवायचं ते तू ठरवशील.

प्रश्न : छापायला देण्याआधी हस्तलिखित कुणाला दाखवावं? — सोलापूर

तिघांना, आणि तिघांना वेगवेगळे प्रश्न विचारून. मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना: कोणता प्रसंग चुकीची आशा किंवा चुकीची भीती देतो? वकिलांना फक्त पोलीस-कोर्टाची पानं, कथेचं साल ठळक लिहून. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या दोन वाचकांना, पालकांना विषय सांगून. त्यांना 'आवडलं का' विचारू नका, 'कुठे पान उलटलंत' ते विचारा. स्वतः असं काही भोगलेल्या माणसाला वाचायला देणार असाल तर आधी विषय सांगा, कोणत्या पानावर काय आहे याची चिठ्ठी जोडा आणि मध्येच परत केलं तर कारण विचारू नका. त्यांच्या वेळेचं मानधनही द्या.